लिफ्ट केलेल्या गाडीचं सस्पेन्शन: आधी वजन, मग स्प्रिंग, मग शॉकअप, आणि इंच सगळ्यात शेवटी

मे महिना सरत आला की मला तेच फोन सुरू होतात. "दोन इंच लिफ्ट केलीय, आता शॉकअप कुठला टाकू?" लिफ्ट म्हणजे गाडीची बॉडी चाकांपासून वर उचलणं, आणि शॉकअप म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मी विचारतो, गाडीचं वजन किती? पलीकडे शांतता. बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाक फार वर आलं की एक्सल ज्या रबरावर आपटतो तिथपर्यंत, किती जागा उरलीय? ती पण माहीत नाही. लिफ्ट कशाने केली, लांब स्प्रिंगने की स्पेसरने (मध्ये घातलेल्या ठोकळ्याने)? "ते गॅरेजवाल्याला विचारून सांगतो." म्हणजे ज्या गोष्टींवरून शॉकअप ठरतो त्यातली एकही हातात नाही, फक्त ब्रँड ठरलाय आणि रंग ठरलाय.

चूक एकच आहे आणि ती क्रमाची आहे. लोक आधी इंच ठरवतात, मग शॉकअप घेतात, मग गाडी डुलायला लागली की स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअप) घेतात, आणि वजनाचा विचार विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) बसल्यावर गाडीचं नाक खाली गेलं की करतात. खाली जो क्रम दिलाय तो बरोबर उलटा आहे. त्यातली एकही पायरी उडी मारून जाऊ नका.

## १. गाडी खरंच कुठे चालते ते लिहून काढा

कागद घ्या. महिन्यात किती किलोमीटर, त्यातले किती घोडबंदर आणि हायवेच्या खड्ड्यांत, किती चिखलात. आपल्यातल्या बहुतेकांची गाडी नव्वद टक्के डांबरावर चालते आणि पावसाळ्यात चार-पाच रविवार कर्जत, मुरबाड, ताम्हिणीकडे जाते. हे कबूल करायला लाज वाटते म्हणून माणसं रॅलीच्या गाडीचं सामान घेतात आणि रोज ऑफिसला जाताना कंबर धरून बसतात.

अजून दोन गोष्टी मुंबईत आधी मोजायच्याच. एक, सोसायटीच्या पार्किंगची उंची, खास करून स्टॅक पार्किंग असेल तर. नवी थार मुळातच सहा फुटांच्या वर आहे, त्यात दोन इंच लिफ्ट, एक इंच मोठ्या टायरने, वर कॅरिअर, आणि मग पोडियमच्या बीमखाली गाडी जात नाही हे बसवून झाल्यावर कळतं. बोर्डावर लिहिलेल्या उंचीवर जाऊ नका, टेप घेऊन सगळ्यात खाली आलेला पाइप मोजा. दुसरं म्हणजे घरातली माणसं. आमच्या आईने लिफ्ट केलेल्या गाडीत चढायचा एकदा प्रयत्न केला, मग म्हणाली, "मी आपली रिक्षाने येते, तू हो पुढे."

कायद्याचं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरसीवरच्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बुल बार तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने बंद करायला सांगितले. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर खाली वाकून बघतो.

## २. मोजा, आणि वजन करा

ही पायरी सगळे टाळतात आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

उंची जमिनीपासून मोजू नका, टायर आणि हवा बदलली की तो आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांना, गाडी सपाट जागेवर, टाकी भरलेली. कंपनीच्या उंचीवर असलेली तीच गाडी मित्राकडे असेल तर तिचेही आकडे घ्या. डाव्या-उजव्यात थोडा फरक असतोच, पण पंधरा-वीस एमएम निघाला तर आधी त्याचं कारण शोधा. बसलेली स्प्रिंग, तुटलेलं पान, वाकलेला माउंट, काहीतरी असतं.

मग काट्यावर जा. कळंबोली, भिवंडी, तळोजा, जिथे ट्रक आहेत तिथे वजनकाटा आहे. तीन पावत्या घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. गाडी रोज चालते तशीच न्यायची, म्हणजे टूलबॉक्स, स्टेपनी, विंच सगळं असू दे. काट्यावरचा माणूस हसतो, हसू दे. ट्रकचा काटा असल्याने आकडा दहा-वीस किलोच्या टप्प्यात येतो, तेवढं आपल्याला पुरतं.

वजन एवढं का महत्त्वाचं ते हिशेबाने बघा. समजा जिमनीला लोखंडी बंपर आणि विंच मिळून ९० किलो पुढे टांगलं. ते एक्सलच्या पुढे लटकतंय, म्हणून काट्यावर पुढच्या एक्सलला ११० च्या आसपास वाढ दिसेल आणि मागचा एक्सल वीसेक किलोने हलका होईल. ११० चे दोन वाटे, एका स्प्रिंगवर ५५ किलो. स्प्रिंग अडीच किलोला एक एमएम दबणारी असेल तर नाक २२ एमएम खाली. तुम्ही दोन इंचाचे पैसे दिलेत आणि पुढे सव्वा इंचसुद्धा मिळाला नाही, वर मागची बाजू उठून बसलीय.

इथे थांबून तपासा: चार उंचीचे आकडे, तीन पावत्या, आणि पुढे बसणार असलेल्या जास्तीच्या सामानाची यादी किलोसकट. एवढं हातात नसेल तर दुकानात जाऊ नका.

## ३. लिफ्ट कशाने झालीय ते ओळखा

गाडीखाली शिरा, किंवा पिटवर घ्या. "दोन इंच" हा शब्द सगळीकडे एकच असला तरी प्रत्येक गाडीत त्याचा अर्थ वेगळा आहे.

जिप्सी, जुन्या जीप, आणि जुन्या थारची मागची बाजू: पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पानं रचलेली स्प्रिंग. शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या पट्ट्या) लांब केले असतील तर लक्षात ठेवा, शॅकल दोन इंच लांब केला की गाडी एकच इंच उठते. जिप्सीत पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला आहेत, त्यामुळे ते लांब केले की एक्सल फिरतो, कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि हायवेला गाडी सरळ राहत नाही. पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवले असतील तर लिफ्ट खूपच मोठी असते आणि ब्रेक मारताना एक्सल पिळतो, त्याचा इलाज शॉकअपमध्ये नाही.

जुनी थार, पुढची बाजू: टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. बोल्ट फिरवून नाक वर केलं असेल तर ते फुकटचं नाही, चाक खाली जायची जागा खर्च झाली.

२०२० नंतरची थार: पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन हातांवर वेगळं हलतं), मागे कॉइलवर एकसंध एक्सल. पुढे स्पेसर दोन प्रकारचे असतात. शॉकअपच्या डोक्यावर बसणारा स्पेसर पूर्ण स्ट्रट (शॉकअप आणि त्यावरची स्प्रिंग मिळून) खाली ढकलतो, त्यामुळे चाक लटकल्यावर बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट कंपनीने ठरवलेल्या कोनाच्या पलीकडे जातात. स्प्रिंगवर बसणारा स्पेसर तसं करत नाही, पण चाक खाली जायची जागा खातो आणि स्पीडब्रेकर उतरताना "ठक्" असा आवाज येतो. हा आवाज ऐकून लोक बुश (जोडांमधले रबर) बदलत बसतात.

जिमनी आणि गुरखा: दोन्हीकडे एकसंध एक्सल, दोन्हीकडे कॉइल. लिफ्ट करायला सगळ्यात सरळ, पण कॅस्टर आणि पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) बघावेच लागतात, ते पुढे येतंय.

सावधान: स्पेसरवर लांब स्प्रिंग, किंवा लांब शॅकलवर जास्तीचं पान, अशी लिफ्टवर लिफ्ट करू नका. जुनं काढा, मूळ अवस्थेत आणा, मग नवं मोजा.

## ४. स्प्रिंग निवडा

उंची स्प्रिंग देते, शॉकअप नाही. कॉइलच्या गाडीत शॉकअप बदलून गाडी उठली असं कोणी सांगत असेल तर तो गॅसच्या दाबाने आलेले पाच-सात एमएम दाखवतोय.

कॅटलॉगमध्ये स्प्रिंग वजनाच्या गटात येते: रिकामी गाडी, पन्नासेक किलो जास्त, शंभर किलो जास्त, असं. तुमच्या पावतीवरून गट निवडा. आणि इथे माणूस नेमकी हीच चूक करतो, वर्षातून एकदा स्पितीला जायचंय म्हणून जड गटाची स्प्रिंग घेतो, मग उरलेले साडेअकरा महिने अंधेरीच्या सिग्नलवर एकटा उड्या मारत बसतो, आणि ट्रेलवर गेला की स्प्रिंग दबतच नाही म्हणून एक चाक हवेत. रोज अंगावर असलेल्या वजनावर स्प्रिंग निवडा. विंच आणि बंपर कायमचे आहेत, ते धरा. चार माणसं आणि बॅगा कधीतरी, त्या धरू नका. मागे कधीतरीच्या वजनासाठी कॉइलच्या आत बसणारी हवेची पिशवी मिळते, ती पुरते.

पुढचा गट आणि मागचा गट वेगळा असू शकतो, बहुतेक वेळा असतोच. "सेट" म्हणून विकतात ते डोळे मिटून घेऊ नका.

पाट्यांसाठी: एक जाड पान वाढवण्यापेक्षा लांब, पातळ पानांचा नवा संच बरा. पानं वाढली की पानांमधलं घासणं वाढतं आणि छोट्या खड्ड्यात गाडी दगडासारखी लागते.

किती इंच? शहरात रोज चालणाऱ्या गाडीला दीड ते दोन. त्याच्या वर प्रत्येक अर्ध्या इंचाला खाली एकेक पार्ट वाढत जातो आणि उभं राहण्याचा तोल कमी होतो. मला तीन इंचवाल्या गाड्या बघायला आवडतात, सी लिंकवर वाऱ्यात चालवायला नाही.

## ५. शॉकअपची लांबी मोजा, मग ब्रँड

माझ्या जिप्सीची गोष्ट सांगतो. उपनगरातल्या एका गॅरेजने शॅकल लांब करून दिले, शॉकअप मूळ लांबीचेच ठेवले, "चालतात साहेब, सगळे असंच करतात." मुरबाडच्या पुढे एका ओढ्यात मागचं उजवं चाक खाली लटकलं, शॉकअप पूर्ण ताणला गेला, आणि एक्सलचं सगळं वजन त्या एका बोल्टवर आलं. टण्ण आवाज झाला. खाली बघतो तर खालचा माउंट उघडलेला, शॉकअप नुसता वरच्या पिनवर झुलतोय. तारेने बांधला आणि कल्याणपर्यंत तीसच्या स्पीडने आलो, मागे टेम्पोवाले हॉर्न मारतायत. पान तुटलं नव्हतं, ब्रेकचा पाइप तुटला नव्हता, म्हणून आलो.

शॉकअप लहान असेल तर हे होतं. उलट खूप लांब घेतला तर खड्ड्यात तो बंप स्टॉपच्या आधी आतून संपतो, आणि मग सील तरी जातं किंवा माउंट तरी. दोन्ही टोकं मोजायची असतात.

एकसंध एक्सलवर असं करा:

१. गाडी जमिनीवर उभी असताना शॉकअपचं वरच्या माउंटपासून खालच्या माउंटपर्यंतचं अंतर घ्या. समजा ४४० एमएम.
२. बंप स्टॉप आणि तो जिथे आपटतो त्यामधली जागा मोजा. समजा ७५.
३. रबर दबतं, त्याचे वीस धरा. म्हणजे ४४० वजा ९५, ३४५. हा तुमचा सगळ्यात दबलेला आकडा.
४. नव्या शॉकअपची बंद लांबी यापेक्षा निदान १५ एमएम कमी हवी. इथे ३३० किंवा खाली.
५. आता चेसिस स्टँडवर घ्या, चाक पूर्ण लटकू द्या, शॉकअप खालून सोडवा आणि परत तेच अंतर मोजा. उघडी लांबी याच्याहून थोडी जास्त हवी. लटकणं थांबवायचं काम शॉकअपचं नाही.

शॉकअप तिरका बसलेला असतो आणि एकच चाक वर गेलं तर गणित थोडं हलतं, म्हणून शेवटी एका बाजूचा एक्सल जॅकने वर ढकलून डोळ्यांनी बघाच. पुढे डबल विशबोन असेल तर हे गणित तसंच्या तसं चालत नाही, शॉकअप विशबोनच्या हातावर मध्येच बसतो, चाक जितकं हलतं त्याहून तो कमी हलतो. तिथे स्प्रिंग काढून प्रत्यक्ष वरखाली करून मोजावं लागतं, किंवा त्याच गाडीसाठी, त्याच लिफ्टसाठी बनवलेला पूर्ण स्ट्रट घ्यावा. मी दुसरं करीन.

कॅटलॉग वाचताना बघा, लांबी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत दिलीय की पिनच्या खांद्यापासून. यात गोंधळ झाला की वीस-तीस एमएमचा फरक पडतो.

ट्विन ट्यूब की मोनो ट्यूब? मोनो ट्यूब लवकर तापत नाही, पण दगड लागून नळीला पोचा आला की पिस्टन अडकतो. ट्विन ट्यूबला बाहेरून पोचा आला तरी तो बराच काळ चालतो, मात्र तासन्‌तास खडखडत्या रस्त्यावर त्याच्या तेलाला फेस येतो. मुंबईत राहून सह्याद्रीत फिरणाऱ्याला चांगला गॅसचा ट्विन ट्यूब भरपूर झाला. बाहेर लटकणाऱ्या डब्याचे शॉकअप आपल्याकडच्या स्पीडला शोभेचेच.

डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपची उसळी आवरायची ताकद, स्प्रिंगला जुळायला हवं. कडक स्प्रिंग आणि मूळचा मऊ शॉकअप असेल तर गाडी खड्ड्यातून उठून परत परत उसळते. उलट केलं तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायलाच वेळ मिळत नाही, गाडी हळूहळू बसत जाते. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप एकाच कंपनीचे, एकाच गटाचे घेतलेले बरे.

तपासा: लिफ्ट केल्यावर बंप स्टॉप आणि एक्सल यातली जागा वाढते. मोठे टायर असतील तर चाक वर जाऊन फेंडरला घासतं, अशा वेळी बंप स्टॉप लांब करावा लागतो. मग वरचं गणित परत करा, कारण बंप स्टॉप २५ एमएमने लांब केला तर ७५ चे ५० होतात.

## ६. भूमिती दुरुस्त करा

याचं बजेट सुरुवातीलाच बाजूला ठेवा, नाहीतर गाडी अर्धवट राहते.

कॅस्टर. जिमनीसारख्या गाडीत लिफ्टने पुढचा एक्सल फिरतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप परत येईनासं होतं. ऑफसेट बुश किंवा बदललेले आर्म लागतात. अलाइनमेंटवाल्याला लिफ्टच्या आधीचा आणि नंतरचा प्रिंट द्यायला सांगा, तोंडी "ओके आहे" ऐकून घेऊ नका.

पॅनहार्ड रॉड. गाडी उठली की हा रॉड एक्सलला एका बाजूला ओढतो. चेसिसपासून डाव्या आणि उजव्या टायरच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा, फरक दिसेल. लांबी बदलता येणारा रॉड बसवा.

स्टीअरिंग वाकडं. ड्रॅग लिंक (स्टीअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) फिरवून सरळ करा. स्टीअरिंग व्हील काढून दुसऱ्या दात्यावर बसवू नका, ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत सेन्सरला चाकं वळलेली वाटतात आणि दिवा पेटतो.

ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर. चाक पूर्ण लटकवा, स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, होज ताठ होतो का बघा. ताठ होत असेल तर लांब होज टाका, ब्रॅकेट वाकवून भागवू नका.

प्रोपेलर शाफ्ट. ठरावीक स्पीडला खालून गुणगुण येत असेल तर शाफ्टचा कोन बिघडलाय. पाट्यांच्या गाडीत पाचर घालून डिफरन्शियलचं तोंड फिरवतात.

सावधान: पुढची चाकं थरथरत असतील तर स्टीअरिंग डॅम्पर हा इलाज नाही, तो नुसतं झाकतो. किंग पिनचे बेअरिंग, पॅनहार्डचे बुश, चाकांचं बॅलन्सिंग, या क्रमाने बघा.

## ७. खरेदी आणि बसवणं

एकाच दिवशी सगळं मागवा आणि सगळं आल्याशिवाय गाडी उघडू नका. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसला जाणार असाल तर मोजलेल्या लांब्या कागदावर घेऊन जा आणि दुकानात बॉक्स उघडून शॉकअप दाबून, उघडून टेपने मोजा. सेकंडहँड स्प्रिंग चालते, सेकंडहँड शॉकअप नाही.

दोन दिवस आधीपासून सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारत राहा. आपल्या खाऱ्या हवेत शॅकलचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीला असे धरतात की शेवटी कापावेच लागतात, म्हणून नवे बोल्ट आधीच आणून ठेवा. यू बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) एकदा उघडले की परत वापरायचे नाहीत.

चेसिस पक्क्या स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. कॉइलच्या गाडीत स्प्रिंग काढताना एक्सल हळू खाली सोडा आणि होज आधी मोकळा करा. स्ट्रटची स्प्रिंग घरी उघडू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती हाड मोडते.

आणि जी चूक चांगल्या चांगल्या गॅरेजमध्ये होते ती ही: रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत असतानाच कडक करतात. मग गाडी खाली आली की बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो, थोड्याच महिन्यांत फाटतो, आणि गाडी विनाकारण कडक लागते. हवेत असताना बोल्ट नुसते हाताला लागेपर्यंत घट्ट करा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून हलवा, मग टॉर्क रेंचने पूर्ण कडक करा. तुमच्यासमोर करून घ्या. मेकॅनिक वैतागेल, चहा पाजा.

## ८. पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या दिवशी वीस किलोमीटर हळू, मग यू बोल्ट आणि चाकांचे नट परत बघा. शंभर किलोमीटरला उंची परत मोजा, नवी स्प्रिंग थोडी बसते. म्हणून अलाइनमेंट पहिल्या दिवशी कामचलाऊ करा, पक्की पाचशेला. तोपर्यंत घाटात स्पीड ठेवू नका, गाडी उंच झालीय आणि हाताला अजून जुनी सवय आहे.

पाचशेला सगळे बोल्ट पुन्हा, टॉर्क रेंचनेच, आणि प्रत्येकावर पांढऱ्या मार्करने रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट हललाय. शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसतं का, आतल्या फेंडरवर टायर घासल्याची चमक आहे का, होजवर घासल्याची खूण आहे का.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट खाली करा. गाडी वर गेली की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि एलबीएस रोडवर समोरून येणारा बेस्टचा ड्रायव्हर ते तुम्हाला लगेच कळवतो.